नांगर, शिबंदी आणि चावडी

वर्ध्याच्या ईशान्येस, सातपुड्याच्या अखेरच्या टेकड्या काळ्या कापूसभूमीत उतरू लागतात त्या भागात, बोर नदीच्या काठी हिंगणी हे गाव वसलेले आहे. आणि या गावाचा, किंबहुना वर्धा खोऱ्यातील अशा कोणत्याही जुन्या गावाचा पूर्ववृत्तान्त शोधू लागणाऱ्या अभ्यासकाला सरदार आणि सुभेदार भेटण्याच्या कितीतरी आधी पाटील भेटतो. हा मनुष्य स्वतःच्या औतांनी स्वतःची शेते कसणारा कुणबी असे, सरकारी वसुलाची हमी देणारा जामीन असे, गावातील तंटे चावडीवर बसून मिटवणारा न्यायाधीश असे, आणि गावावर संकट आले की चार बंदुका व वीस-पंचवीस भाले गोळा करून गावकुसावर उभा राहणारा सेनानायकही तोच असे. राजे बदलले, परगण्यांच्या सीमा बदलल्या, नागपूरची गादी गोंडांकडून भोसल्यांकडे आणि भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेली, तरी या एका मनुष्याच्या द्वारेच प्रत्येक सत्ता खेड्यापर्यंत पोहोचली. म्हणूनच या प्रदेशातील सामान्य जनांचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो पाटलाच्या वाड्यापासून आरंभिणे मला योग्य वाटते.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. नागपूरकर भोसल्यांना जुन्या कागदांत ‘हिंगणीकर’ म्हटलेले आढळते, त्यावरून कित्येकांचा असा समज होतो की त्यांचे मूळ गाव हेच असावे. तसे नाही, भोसल्यांची हिंगणी ती पुणे प्रांतातली बेर्डी-हिंगणी, आणि वर्धा जिल्ह्यातील या हिंगणीशी तिचे केवळ नामसादृश्य आहे. परंतु त्या उपनामाने एक सत्य सुचविले जाते, ते विसरण्याजोगे नाही: ज्या घराण्याने पुढे बंगालपर्यंत घोडी दामटली, त्या घराण्याचाही उदय पाटीलकीतून, म्हणजे नांगराच्या मुठीतूनच झाला होता. मराठी राज्यात शेतकरी आणि शिपाई हे दोन वेगळे वर्ग असे फारसे नव्हतेच. दसऱ्याला शिलंगण करून स्वारीवर निघालेला मनुष्य मृगाच्या आधी शेतावर परतलेला असे.

तथापि देशावरचा पाटील आणि नागपूर राज्यातील पाटील यांत एक महत्त्वाचे अंतर होते. देशावर पाटीलकी हे वतन होते. ते वंशपरंपरेने चाले, त्याची खरेदी-विक्री होई, आणि त्याच्या मानपानासाठी भाऊबंद पिढ्यान् पिढ्या गोतसभेसमोर भांडत. पहिल्या रघूजी भोसल्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगडच्या गोंडांचे राज्य आपल्या अमलाखाली आणले तेव्हा या मुलखात वतनाची ती खोल मुळे रुजलेली नव्हती. येथे पाटील हा परगण्याच्या कमाविसदाराशी सालोसाल जमाबंदीचा करार करणारा गावप्रमुख होता. गावचा एकूण आकार ठरे, तो पाटील कबूल करी, मग तो आकार शेतांच्या कसाप्रमाणे रयतेवर वाटला जाई, आणि वसूल होवो न होवो, पाटलाला ठरलेल्या हप्त्याला तो भरावाच लागे. याच्या मोबदल्यात वसुलातील काही हिस्सा आणि घरखटल्याची जमीन त्याच्याकडे राही. रिचर्ड जेंकिन्स या रेसिडेंटाने 1827 साली नागपूरच्या मुलखाविषयी जो विस्तृत अहवाल सादर केला त्यात ही गोष्ट स्पष्टपणे नमूद आहे की येथील पाटलाचा हक्क सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. व्यवहारात मात्र बाप मेल्यावर मुलगाच पाटील होई, कारण नव्या मनुष्याला गावाची नाडी कळावयाची नाही आणि सरकारला वसुलाशी कर्तव्य.

या व्यवस्थेचा खरा कस लागला तो 1803 नंतर. त्या वर्षी नोव्हेंबरात अडगावच्या मैदानावर दुसऱ्या रघूजीच्या फौजेचा पराभव झाला, डिसेंबरात देवगावचा तह झाला, आणि कटक प्रांताबरोबरच वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. राज्य आखडले, परंतु फौजेचा, दरबाराचा आणि देण्याघेण्याचा खर्च आखडला नाही. तेव्हा उरलेल्या मुलखातूनच ती तूट भरून काढण्याचा मार्ग रघूजीने पत्करला. जमा वाढविली गेली, नवनवी पट्टी बसविली गेली, आणि त्याच्या या द्रव्यलोभामुळे लोक त्याला ‘बडा बनिया’ म्हणू लागले. जे वर्धा खोरे कालपर्यंत राज्याच्या मध्यभागी होते ते एकाएकी सरहद्दीवर आले. सरहद्दीवरच्या गावाला दोन भये असतात, एक राजाच्या कारकुनाचे आणि दुसरे लुटारूच्या भाल्याचे. या दोन्हींच्या मध्ये पाटील उभा होता.

पेंढारी नावाच्या या लुटारूंच्या स्वाऱ्यांचे वर्णन आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो तेव्हा त्या स्वाऱ्यांचा शेतीच्या पंचांगाशी जो निकट संबंध होता तो सहसा ध्यानात येत नाही. पेंढारी पावसाळ्यात नर्मदेच्या खोऱ्यात आपल्या तळावर राहत, आणि दसरा उलटून नद्यांना उतार पडला की दक्षिणेकडे सुटत. विदर्भातल्या शेतकऱ्याचा हाच काळ सर्वांत मोलाचा. उन्हाळ्यात वखरलेल्या, मृगात तिफणीने पेरलेल्या आणि श्रावणभर डवरलेल्या शेतात या दिवसांत कापसाची बोंडे फुटू लागतात, ज्वारी कणसात भरते, तूर फुलावर येते. वर्षाची सारी कमाई उभ्या शेतात असते आणि ती घरात येण्यापूर्वीच घोड्यांच्या टापा ऐकू येतात. पेंढाऱ्याजवळ तंबू नसे, सामानसुमान नसे. दिवसाला वीस-पंचवीस कोस मजल मारून तो अवचित गावावर कोसळे, हाती लागेल ते द्रव्य घेई, आणि पुरलेले धन कोठे आहे हे वदवून घेण्यासाठी लोकांच्या तोंडाला तप्त राखेची पिशवी बांधण्यासारखे अघोर प्रकार करी. 1811 साली तर खुद्द नागपूरच्या वस्तीपर्यंत येऊन त्यांनी जाळपोळ केली. राजधानीचे जेथे असे हाल, तेथे खेड्यांनी राजाच्या फौजेची वाट कोठवर पाहावी!

म्हणून खेड्यांनी आपले रक्षण आपणच केले, आणि त्याचे साधन म्हणजे गढी. वर्धा जिल्ह्यातील मोठ्या गावांतून गढ्यांचे मातीचे ढिगारे आणि ढासळलेले बुरूज आजही आढळतात, आणि त्यांतील पुष्कळसे याच धामधुमीच्या काळाची साक्ष देणारे आहेत. ही गढी म्हणजे काही रायगड नव्हे. पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, बंदुकीची नळी बाहेर काढता येईल अशी जंग्यांची छिद्रे, आत विहीर, पाटलाचा वाडा आणि गुराढोरांसह गाव मावेल एवढे पटांगण, इतकाच तिचा पसारा. परंतु तेवढा पुरेसा होता, कारण पेंढाऱ्याचे सारे बळ वेगात होते; त्याच्याजवळ तोफा नव्हत्या, वेढा घालून बसण्याइतका अवकाश नव्हता, आणि दरवाजा बंद असलेल्या, आतून गोळी सुटणाऱ्या गावापाशी वेळ दवडण्यापेक्षा पुढच्या उघड्या गावाकडे वळणे त्याला अधिक फायद्याचे वाटे.

त्या भिंतींमागे उभी राहणारी शिबंदी कोणाची होती हेही पाहिले पाहिजे. तीत पाटलाचे भाऊबंद आणि सालदार असत, गावच्या सीमा व वाटा तळहाताप्रमाणे जाणणारे महार असत, डोंगराकडेच्या गावांत तिरकमठा चालविणारे गोंड असत, आणि एखादा पाटील सधन असला तर पगारी अरब किंवा रोहिला शिपाईही तो बाळगी. शांततेच्या काळात गावच्या वाटेवर पहारा करणारे, चोराचा माग काढणारे आणि तो माग शेजारच्या गावच्या शिवेवर त्या गावच्या पाटलाच्या पदरात टाकणारे तेच लोक होते. चोराची पावले ज्या गावच्या हद्दीत विरली त्या गावाने चोर तरी द्यावा नाही तर नुकसान तरी भरून द्यावे, हा मराठी मुलखातला जुना रिवाज सर्वश्रुत आहे. गावाच्या या संरक्षक दलाची नोंद कोणत्याही लष्करी दफ्तरात झाली नाही, आणि ज्या महारांच्या व गोंडांच्या जिवावर ते उभे होते त्यांची नावे तर पाटलाच्या नावाइतकीही उरली नाहीत, याची खंत हा विषय लिहिताना वाटल्यावाचून राहत नाही.

धान्याचे रक्षण मात्र भिंतीने होत नसे. ते जमिनीने होई. वाड्याच्या अंगणात किंवा गावालगतच्या उंचवट्यावर खोल पेव खणून, आतून लिंपून, कडबा पसरून त्यात ज्वारी ओतीत आणि तोंड मातीने असे बुजवीत की वरून चालणाऱ्याला त्याचा मागमूस लागू नये. कोणाचे पेव कोठे आहे हे गावाला ठाऊक असे आणि परक्याला ठाऊक नसे. त्या एका गुपितावर पुढच्या वर्षीची भाकर अवलंबून असे.

याच्या पूर्वी एका पिढीच्या अंतराने, पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे, एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीत अशीच एक वस्तू लपविली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीत काँकर्ड नावाचे गाव आहे. तेथील जेम्स बॅरेट हा 1710 साली जन्मलेला मनुष्य शेती करी, गिरणी चालवी, फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात त्याने कप्तानकी केली होती, वसाहतीच्या विधिमंडळात तो आपल्या गावाचा प्रतिनिधी होता, आणि 1775 साली वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो त्या भागातील नागरी सेनेचा कर्नल होता. तेथील कायद्याने सोळा ते साठ वयाच्या बहुतेक पुरुषांना स्वतःची बंदूक बाळगून कवायतीला हजर राहावे लागे, आणि वसाहतीने जमविलेला दारूगोळा बॅरेटच्या शेतावर साठविला होता. तो जप्त करण्यासाठी 18 एप्रिलच्या रात्री बॉस्टनहून सुमारे सातशे इंग्रज शिपाई निघाले. ते पोहोचण्यापूर्वी बॅरेटच्या घरच्यांनी शेतात नांगर धरला, तासांत शस्त्रे निजविली आणि पुढच्या तासाची माती त्यांवर ओढून घेतली, असे तेथे परंपरेने सांगतात. शिपाई आले, त्यांनी घर धुंडाळले, पण नुकत्याच नांगरलेल्या शेतात त्यांना काही वावगे दिसले नाही. 19 तारखेच्या त्याच सकाळी काँकर्डच्या उत्तरेकडील पुलावर बॅरेटच्या हाताखालील शेतकऱ्यांची आणि इंग्रज शिपायांची गोळागोळी झाली. समोरून गोळी आल्याखेरीज गोळी झाडू नका, असा त्या वृद्ध कर्नलाचा आपल्या लोकांना हुकूम होता.

आमचा पाटील आणि हा बॅरेट या दोघांचे साम्य मनोरम आहे, पण त्यांतील भेद मला अधिक मोलाचा वाटतो. बॅरेट ज्या खुर्चीवर बसला ती त्याला त्याच्या शेजाऱ्यांनी दिलेली होती. न्यू इंग्लंडमध्ये गावसभा भरे. जमीनजुमला असलेले पुरुष तीत मत देत, गावचे कारभारी निवडीत, रस्ते, शाळा आणि कर यांचा निर्णय करीत, विधिमंडळावरचा आपला मनुष्य पाठवीत. स्त्रिया, गुलाम आणि तेथील मूळ रहिवासी या सभेच्या बाहेर होते, हे अर्थातच विसरून चालणार नाही. परंतु जेवढ्यांना आत स्थान होते तेवढ्यांपुढे बॅरेटला उत्तर द्यावे लागे. 1774 साली इंग्रज पार्लमेंटने कायदा करून गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकच गावसभा भरेल असा निर्बंध घातला, आणि त्या निर्बंधाने तेथील शेतकरी जितका खवळला तितका तो चहावरील जकातीनेही खवळला नसेल. आमच्या पाटलालाही चावडी होती, पंच होते, पांढरीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या, संमतीवाचून तो फार दूर जाऊ शकत नसे; परंतु त्याची नेमणूक करणारा आणि त्याला काढणारा कमाविसदार होता. गाव त्याला मानी, पण गाव त्याला निवडीत नव्हते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रदेशात जे घडले त्याचे बीज या एका भेदात आहे.

1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्याच्या फौजेचा पराभव झाला, पेंढाऱ्यांचा बंदोबस्तही त्याच मोहिमेत झाला, आणि अज्ञान तिसऱ्या रघूजीच्या नावाने 1830 पर्यंत राज्यकारभार इंग्रजांनी पाहिला. गढीचे प्रयोजन संपले. पुढे 1853 च्या डिसेंबरात रघूजी औरस पुत्रावाचून निवर्तला आणि डलहौसीने राज्य खालसा केले. 1861 साली मध्यप्रांत बनला, 1862 साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि प्रथम पुलगावनजीकच्या कवठ्यास असलेले त्याचे ठाणे 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरात आले. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. अशा रीतीने पाटलाच्या हातातील शस्त्र सरकारने काढून घेतले.

शस्त्राच्या बदल्यात त्याला जे मिळाले ते फार मोठे होते. मध्यप्रांत सरकारने असा निर्णय केला की सरकार आणि रयत यांच्यामध्ये जमिनीचा कोणीतरी धनी असलाच पाहिजे, आणि तो धनी म्हणजे वसुलाचा जामीन असलेला हा पाटील. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने वर्धा जिल्ह्याचा बंदोबस्त करून 1867 साली त्याचा अहवाल दिला. त्या बंदोबस्तात गावोगावचे पाटील मालगुजार, म्हणजे गावाचे मालक ठरले. जो काल रघूजीच्या कमाविसदाराने काढून टाकला असता तर निमूटपणे औताकडे गेला असता, तोच आज गाव गहाण ठेवू शकत होता, विकू शकत होता, वाटून देऊ शकत होता. काही जुन्या खातेदारांना ‘मालिक मकबुजा’ म्हणून आपल्या शेतापुरती मालकी मिळाली, पुष्कळांना कुळहक्कांचे संरक्षण मिळाले. परंतु पडीत जमीन, गायरान, गावठाणातील रिकामी जागा, झाडझाडोरा यांवरचा शब्द मालगुजाराचा झाला. शेजाऱ्याचा धनी झाला, आणि तेही शेजाऱ्यांना न विचारता.

ज्या वर्षांत हे घडत होते त्याच वर्षांत अमेरिकेचा या खोऱ्याशी फार प्रत्यक्ष संबंध आला. 1861 ते 1865 या काळात तेथे उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध चालले, दक्षिणेकडील बंदरे अडविली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टी हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. भाव कधी नव्हे इतके चढले. 1867 साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला, तेव्हा युद्ध संपून ते भाव कोसळलेही होते. परंतु तेजीच्या दिवसांत काढलेली कर्जे, वाढवलेली लग्ने आणि बांधलेले वाडे मागे उरले. मालकी मिळालेली असल्यामुळे गाव तारण ठेवता येत होते, आणि तारण ठेवता येत असल्यामुळे ते गमावताही येत होते. पूर्वी सावकाराला पाटलाचे बैल नेता येत, आता त्याला पाटलाचे गावच नेता येऊ लागले. 1899–1900 च्या दुष्काळापर्यंत किती तरी गावांचे मालगुजार हे ज्यांनी कधी वखर धरला नाही असे पेढीवाले झाले होते. कसणारा हात आणि सांभाळणारी चावडी यांची ताटातूट झाली, ही या साऱ्या कथेतील मला सर्वांत दुःखद वाटणारी घटना आहे, आणि तिचा दोष एकट्या सावकाराला किंवा एकट्या पाटलाला देता येत नाही, कारण ती कायद्याच्या घडणीतच अनुस्यूत होती.

लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर, 1883 साली मध्यप्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे अस्तित्वात आली. या प्रांतातील ग्रामीण मतदानाचा आरंभ येथून झाला. पण मत कोणाला होते? गावांचे गट पाडले होते आणि त्या गटातील मुकादम, म्हणजे बहुधा मालगुजार किंवा त्यांचे मुखत्यार, आपल्यापैकी एकाला लोकल बोर्डावर पाठवीत. गढीचा धनी कौन्सिलचा मेंबर झाला, मानद न्यायाधीश झाला, दरबारात खुर्चीचा मानकरी झाला. ज्यांच्या शेतांतून रस्ता जावयाचा ते अद्याप वेशीबाहेरच उभे होते.

या प्रतिष्ठेचा त्याग करणारेही निघाले. वर्ध्याचे जमनालाल बजाज पेढीवाल्या घराण्यात दत्तक आलेले, मानद न्यायाधीश, रायबहादूर. त्यांनी असहकाराच्या चळवळीत आपली पदवी सरकारला परत केली आणि 1923 साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व केले. ज्या शेगाव खेड्यात गांधीजी 1936 साली राहावयास गेले त्या गावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा बजाजांकडेच होता. त्या शेगावचे 1940 साली सेवाग्राम झाले. खोऱ्यातील शेतकरी आता पुन्हा एकत्र येत होता, मात्र या वेळी त्याच्या हाती बंदूक नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची पावले झपाट्याने पडली. मध्यप्रदेश विधिमंडळाच्या 1950 च्या कायद्यान्वये 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. गावाची सामायिक जमीन सरकारजमा झाली आणि घरखटल्याची शेती मालगुजाराकडे राहिली. 1956 साली वर्धा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात आला, आणि 1 मे 1962 रोजी इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही जिल्हा परिषद स्थापन झाली. ग्राम पोलीस कायदा 1967 चा. तो 1968 च्या आरंभापासून अमलात आला आणि त्याने नेमलेला पोलीस पाटील गावच्या वारदातीची खबर ठाण्यावर पोहोचविण्याचे काम करू लागला. त्याला मानधन मिळते, शिबंदी नाही. सात-बाराचे दफ्तर तलाठ्याकडे गेले. चावडीवरची जागा सरपंचाकडे आली, आणि त्या जागेसाठी गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाचे मत मागावे लागते. 1993 पासून या संस्थांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या, 2011 मध्ये महाराष्ट्राने तो वाटा निम्म्यावर नेला. आणि कापूस वेचणाऱ्या ज्या बायांच्या पिढ्यांना चावडीची पायरी चढण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्या लेकी-सुना आज या खोऱ्यातील ग्रामपंचायतींच्या सभांचे अध्यक्षस्थान भूषवीत आहेत.